कागद पाठविला, म्हणजे सांगितले का?



२०२६ च्या फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या एका रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी आपल्या थोरल्या भावाला घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. भाऊ चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेले. न्यू जर्सी राज्यात एका कंपनीच्या गोदामात नोकरी करून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वय शहात्तर. भाच्याच्या लग्नासाठी गावी आले होते. लग्नाच्या मिस्साविषयी काही विचारायचे असेल, असे आम्हाला वाटले. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचे फोल्डर काढले, त्यातले एक पत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही फिलॉसॉफी शिकलात असं ही सांगते. मग मला एवढंच सांगा. कागद पाठवला, म्हणजे सांगितलं, असं होतं का?"

आम्ही चहा मागविला. प्रश्न लहान होता, पण तो उभा राहून उत्तर देण्यासारखा नव्हता.

पत्र त्यांच्या नव्या औषध-विम्याच्या कंपनीचे होते. मासिक हप्त्यावर आणखी चौदा डॉलर दंड लागू झाला आहे, आणि हा विमा असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, तो द्यावा लागेल, असे त्यात लिहिले होते. शेजारी बसलेल्या बहीण म्हणाल्या, "चौदाच डॉलर ना दादा?" त्यावर ते हसले नाहीत. "चौदा नाही गं. मरेपर्यंत दर महिन्याला चौदा. आणि कशाबद्दल, तेच मला ठाऊक नव्हतं."

ज्यांची मुले-भावंडे अमेरिकेत आहेत त्यांना यातले काही माहीत असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय काकांचा प्रश्न कळणार नाही.

१९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्टी ओलांडलेल्यांचा हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा बराचसा खर्च त्यातून भागू लागला. पण दुकानातून घरी आणायच्या गोळ्या-औषधांना त्यात जवळजवळ जागाच नव्हती. ही उणीव भरून निघायला अडतीस वर्षे लागली. डिसेंबर २००३ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २००६ पासून मेडिकेअरचा 'पार्ट डी' हा औषधांचा विमा सुरू झाला. तो ऐच्छिक आहे. आणि ऐच्छिक विम्याला एक जुनेच दुखणे असते. लोक धडधाकट असेपर्यंत हप्ता भरत नाहीत, आजार आला की धावत येतात. सगळेच असे वागले तर पेटीत फक्त आजाऱ्यांचे पैसे जमतील आणि ती पेटी दोन वर्षांत रिकामी होईल. म्हणून नियम केला गेला की, वेळेवर नाव न घालणाऱ्याने जितके महिने उशीर केला तितके टक्के दंड भरावा. दर महिन्याला एक टक्का. तो मोजायचा एका ठरावीक मूळ हप्त्यावर. २०२६ साली हा मूळ हप्ता ३८.९९ डॉलर आहे. काकांचे छत्तीस महिने भरले, म्हणून छत्तीस टक्के, म्हणून चौदा डॉलर. मूळ हप्ता दरवर्षी नव्याने ठरतो, त्यामुळे दंडही त्याबरोबर बदलत राहतो.

यात एक सूट आहे आणि सगळा गुंता त्या सुटीत आहे. तुमच्या आजी किंवा माजी मालकाच्या योजनेतून तुम्हाला औषधांचा विमा मिळत असेल, आणि तो सरासरीने पार्ट डीच्या ठरीव विम्याइतका तरी चांगला असेल, तर तुम्ही पार्ट डीमध्ये उशिरा आलात तरी दंड नाही. अशा विम्याला तिकडे 'क्रेडिटेबल' म्हणतात. आपण 'तोडीचा' विमा म्हणू. पण तो तोडीचा नसेल, आणि तुम्ही त्रेसष्ट दिवस किंवा त्याहून जास्त काळ तशा विम्याविना राहिलात, तर महिने मोजायला सुरुवात होते. तुमच्या खिशात विम्याचे कार्ड आहे, औषधे मिळत आहेत, आणि तरीही तिकडे दंड चढतो आहे, असे होऊ शकते. काकांचे नेमके हेच झाले. त्यांच्या जुन्या कंपनीने निवृत्तांच्या योजनेतला औषधांचा भाग २०२३ च्या जानेवारीपासून कमी केला. कार्ड तेच राहिले. त्याचा रंगसुद्धा बदलला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी रक्त पातळ करण्याची महागडी गोळी लिहून दिली, कंपनीच्या योजनेने तिचा थोडाच भार उचलला, आणि औषधाच्या दुकानातील काउंटरवरच्या मुलीने विचारले, तुमच्याकडे पार्ट डी नाही का? नाव घालण्याची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. काकांनी त्या मुदतीत नाव घातले, आणि नव्या वर्षात हे पत्र आले.

आपला विमा तोडीचा आहे की नाही, हे कोणाही माणसाला कार्डाकडे पाहून कळणार नाही. गोदामातल्या माणसालाच काय, आम्हालाही कळणार नाही. ते विम्याचे गणित जाणणाऱ्यालाच काढता येते. म्हणून त्याच कायद्याने हे सांगण्याची जबाबदारी मालकावर टाकली. औषधांचा विमा देणाऱ्या मालकाने मेडिकेअरला पात्र असलेल्या प्रत्येकाला, म्हणजे कामगार, निवृत्त आणि त्यांच्या योजनेतील पती-पत्नी अशा सर्वांना, दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत लेखी कळवावे की आमचा विमा तोडीचा आहे किंवा नाही. माणूस मेडिकेअरला पात्र होण्याआधी कळवावे, विम्यात बदल झाला की कळवावे, कोणी मागितले की द्यावे. पार्ट डी घेतल्यास कंपनीच्या विम्याचे काय होईल, हेही त्यात सांगावे; कारण काही योजनांत एकदा पार्ट डी घेतला की कंपनीचा विमा जातो आणि तो परत मिळेलच असे नाही.

आम्हाला यातले एक कलम फार विचार करण्यासारखे वाटले. निवृत्ताला आरोग्यविमा द्यायलाच हवा, अशी सक्ती अमेरिकेत खाजगी मालकावर नाही. १९७४ च्या कायद्याने तिथल्या पेन्शनला संरक्षण दिले. एकदा पदरात पडलेली पेन्शन मालकाला काढून घेता येत नाही. निवृत्तांच्या आरोग्यविम्याला तसे संरक्षण नाही. करारात पक्के वचन नसेल तर मालक तो कमी करू शकतो, बंदही करू शकतो. म्हणजे देणे ऐच्छिक आहे आणि सांगणे सक्तीचे. भाकरी द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण ताटात जे वाढले आहे ते भाकरीच आहे का, हे जेवणाऱ्याला सांगितलेच पाहिजे, असा हा कायदा आहे.

आता काही वाचक म्हणतील, सांगणे हे सौजन्य झाले, ते कर्तव्य कसे? ज्याला गरज आहे त्याने विचारावे. हा वाद आजचा नाही.

सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी एक जुनी गोष्ट सांगितली होती. ती येशूच्या जन्माच्या सुमारे चव्वेचाळीस वर्षे आधी रोमन विचारवंत सिसेरो याने लिहून ठेवली आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. धान्याचे भाव आभाळाला भिडले आहेत. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी गव्हाने भरलेले जहाज घेऊन बंदरात शिरतो. आपल्यामागून आणखी बरीच जहाजे गहू घेऊन येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने गहू विकावा? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खोटे बोलू नये इतके पुरे; न सांगणे आणि लपविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, नाही. माणसामाणसांत नाते आहे, आणि जे दुसऱ्याच्या हिताचे आहे ते त्याच्यापासून ठेवून स्वतःचा फायदा करणे हे नात्याविरुद्ध आहे. सिसेरोने आपले मत अँटिपेटरच्या बाजूला टाकले.

आम्ही तेव्हा विशीत होतो आणि अर्थातच अँटिपेटरच्या बाजूचे होतो. विशीत सगळेच असतात. पुढे तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस वाचले तेव्हा गंमत वाटली, कारण त्यांनी हेच उदाहरण घेतले आहे आणि निकाल मात्र व्यापाऱ्याला बराच मोकळा सोडणारा दिला आहे. त्यांच्या मते तो व्यापारी बोलला असता तर त्याचा सद्गुण अधिक शोभला असता, पण न्यायाने तो बांधलेला नाही, कारण भाव उतरणे ही अजून न घडलेली गोष्ट आहे. मात्र त्याच ठिकाणी ते दुसरे काही ठामपणे सांगतात. विकल्या जाणाऱ्या वस्तूत जर आजच दोष असेल, तो बाहेरून दिसत नसेल, आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगायलाच हवा. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते सगळ्यांना दिसते. ते ओरडून सांगण्याची गरज नाही. दिसत नाही ते सांगा.

काकांचे कार्ड या कसोटीवर ठेवून पाहा. २०२३ च्या जानेवारीत त्यांच्या विम्यातला दोष पुढे कधीतरी घडणारा नव्हता, तो घडलेला होता. तो बाहेरून दिसत नव्हता. आणि नुकसान तर महिन्यागणिक मोजले जात होते. तेव्हा कायदा नसता तरी सांगण्याचे कर्तव्य न्यायाचेच होते, सौजन्याचे नव्हे, असे आम्हाला वाटते. आणखी एक फरक आहे. बंदरावरचा व्यापारी आणि गहू घेणारे एकमेकांना परके होते. गहू दिला, पैसे घेतले, जहाज निघाले. मालक आणि कामगार यांचे तसे नसते. काकांनी त्या गोदामात सत्तावीस वर्षे खोकी उचलली. त्यांची कंबर त्याची साक्ष देते. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. औषधांचा विमा ही कोणाची भेट नव्हती, पगाराचाच पुढे ढकललेला भाग होता. निदान कामगार तरी तसेच समजून राबतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या त्यांच्या प्रसिद्ध परिपत्रकात मालक आणि कामगार हे परस्परांना बांधलेले आहेत असे मांडले, आणि १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कामगाराच्या आरोग्याची आणि म्हातारपणाची सोय ही त्याच्या श्रमाशी जोडलेल्या हक्कांत मोजली. ज्याने विश्वासाने वर्षे दिली, त्याच्याशी गप्प राहणे हे परक्याशी गप्प राहण्यापेक्षा वेगळे ठरते.

गप्प राहण्याच्या पुढची पायरी म्हणजे खोटे बोलणे. तिचेही एक उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या मॅसी-फर्ग्युसनची मालक असलेली व्हॅरिटी कॉर्पोरेशन हिने १९८६ साली आपले तोट्यातले विभाग आणि देणी एकत्र करून एक वेगळी कंपनी काढली. कामगारांची बैठक घेऊन त्यांना सांगण्यात आले की तुमचे लाभ सुरक्षित राहतील. सुमारे दीड हजार कामगार त्या बोलण्यावर विसंबून नव्या कंपनीत गेले. चारेक हजार निवृत्त व नोकरी सोडून गेलेल्यांची जबाबदारी तर त्यांना न विचारताच नव्या कंपनीच्या गळ्यात घालण्यात आली. नवी कंपनी पहिल्या दिवसापासूनच दिवाळखोर होती. १९८८ मध्ये ती बुडाली आणि लोकांचे वैद्यकीय लाभ गेले. खटला वर्षानुवर्षे चालला. १९ मार्च १९९६ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: कामगारांच्या लाभांची योजना सांभाळणारा मालक त्या योजनेविषयी बोलतो तेव्हा तो विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताने ज्यांच्यासाठी विश्वस्त आहे त्यांनाच फसविणे हा विश्वासघात आहे.

हे प्रकरण समजायला सोपे आहे. तिथे खोटे बोलले गेले. काकांच्या कंपनीने खोटे काही सांगितले नव्हते. आणि ती अगदी गप्पही नव्हती, हे पुढे आम्हाला कळले.

त्या रविवारी काका गेले ते थोडे समाधानाने गेले. कंपनीने कळवले नाही, हा अन्याय आहे, असे फादर म्हणाले, एवढे त्यांना पुरले. दंडाविरुद्ध दाद मागता येते, हेही आम्ही त्या पत्राच्या मागच्या बाजूला वाचून त्यांना दाखविले. पत्राच्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज करायचा असतो. दाद मागण्याच्या कारणांत हेही एक कारण आहे की, मला औषधांचा विमा होता, पण तो तोडीचा आहे की नाही हे स्पष्ट सांगणारी सूचना मला मिळाली नाही. पुरेसे कळविले गेले नव्हते असे दिसले तर मेडिकेअर तो विमा तोडीचा होता असे धरून चालू शकते. तोवर दंड मात्र भरत राहावा लागतो.

जाता जाता एक सांगून ठेवतो. ज्यांची माणसे अमेरिकेत पासष्टीच्या आसपास आहेत त्यांनी पुढच्या फोनवर विचारावे की, कंपनीकडून ऑक्टोबरच्या आधी असा कागद आला का, आणि आला असेल तर तो जपून ठेवला का. तो कागद पुढे पुरावा म्हणून मागितला जातो. असो.

चार दिवसांनी काका पुन्हा आले, या वेळी एकटेच. न्यू जर्सीहून मुलीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठविले होते. काकांनी तिला कागदांचा खण शोधायला सांगितला होता, आणि तिला कागद सापडला होता. २०२२ च्या सप्टेंबरात कंपनीने निवृत्तांना एक जाडी पुस्तिका पाठविली होती. मुखपृष्ठावर हसणारे आजी-आजोबा सायकल चालवीत होते. आत दातांचा विमा, चष्म्याचा विमा, व्यायामशाळेची सवलत. आणि सत्ताविसाव्या पानावर, बारीक अक्षरांत, एका परिच्छेदात: पुढील वर्षापासून या योजनेतील औषधांचा विमा क्रेडिटेबल नाही.

काका फोन टेबलावर उलटा ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "फादर, आता अर्जात काय लिहू? मला कागद मिळाला नाही, असं लिहिणार होतो. मुलगी म्हणते तेच लिहा पप्पा, कोण बघायला येतंय."

कोणी बघायला येणार नाही, हे बहुतेक खरे होते. आणि आम्हाला हेही दिसत होते की सगळा अन्याय एका बाजूचा आहे. सूचना नीट दिली नाही म्हणून मालकाला इतके डॉलर दंड, असे कलम या कायद्यात नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या मालकाचे अनुदान अडचणीत येऊ शकते, तेवढेच. सांगायचे कर्तव्य मालकाचे, आणि ते चुकले तर दंड म्हाताऱ्याच्या खिशातून. अशा वेळी एका वाक्याने आपले चौदा डॉलर सोडवून घेतले तर काय बिघडले, असा विचार आमच्याही मनात येऊन गेला, हे कबूल करतो.

पण त्या पुस्तिकेकडे पाहताना आम्हाला वाटले, की काकांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न खरा होता आणि आम्ही त्याचे उत्तर अजून दिलेच नव्हते. कागद पाठविला म्हणजे सांगितले का?

सत्ताविसाव्या पानावरचे वाक्य खरे होते. ते मुदतीत पाठविले होते. कायद्याच्या भाषेत ते 'दिले' होते. त्या कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या कोणा माणसाने यादीत त्यापुढे खूण केली असेल आणि तो संध्याकाळी समाधानाने घरी गेला असेल. त्याला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. बहुधा तो कामाने बेजार असलेला, चार योजना आणि हजार पत्ते सांभाळणारा माणूस असेल. मालकांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. सूचनांचा भार एवढा वाढविला की विमाच नको, असे म्हणणारे मालक निघतात, आणि मग निवृत्तांच्या हाती तेही उरत नाही. शिवाय कोणते विमे तोडीचे, हा हिशेबही सरकत असतो. २०२२ च्या कायद्यामुळे पार्ट डीमध्ये माणसाच्या स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या वार्षिक खर्चावर २०२५ साली २,००० डॉलरची मर्यादा आली, २०२६ साठी ती २,१०० आहे. पार्ट डी सुधारला, म्हणजे त्याची तोड गाठणे मालकांच्या योजनांना अवघड झाले. काल जो विमा तोडीचा होता तो काही न बदलता आज कमी पडू शकतो. मालकाने दरवर्षी नव्याने मोजून पाहायचे आणि दरवर्षी नव्याने सांगायचे, हे सोपे काम नाही.

तरीही ते वाक्य सांगण्यासाठी लिहिलेले नव्हते. लिहिल्याची नोंद राहावी म्हणून लिहिलेले होते. या दोन हेतूंत फरक आहे आणि तो अक्षराच्या आकारातही दिसतो. मेडिकेअरच्या नियमांत याची तरतूद आहे हे वाचून आम्हाला आश्चर्य वाटले. अशी सूचना इतर माहितीबरोबर पाठवायची असेल तर ती ठळक असावी; पहिल्या पानावर, वेगळ्या चौकटीत किंवा ठसठशीत, किमान चौदा पॉइंटच्या अक्षरांत निदान एवढे तरी सांगावे की ती आत अमुक पानावर आहे. निवृत्ताला संमतीवाचून नुसता ईमेल करून भागत नाही. कोणीतरी दूर वॉशिंग्टनमध्ये बसून म्हाताऱ्या डोळ्यांचा विचार केला होता. अक्षर केवढे असावे, ही छापखान्याची बाब आहे असे आम्ही आजवर समजत होतो.

आणि इथे आम्हाला आमचीच आठवण झाली. दर रविवारी कम्युनियननंतर आम्ही सूचना वाचतो. तुम्ही उठायच्या तयारीत असता, मुले कुरकुरत असतात, आणि आम्हालाही पुढच्या मिस्साची घाई असते. दफनभूमीतील कबरींच्या नूतनीकरणाची मुदत गेल्या वर्षी आम्ही तीन रविवार वाचून दाखविली. दोन कुटुंबे तरीही चुकली. ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही काय म्हणालो? "तीन वेळा सांगितले होते." वहीत तारखाही दाखविल्या. दोन्ही कुटुंबांत चर्चला येऊ न शकणारी अंथरुणाला खिळलेली माणसे होती, आणि हे आम्हाला ठाऊक होते, कारण पहिल्या शुक्रवारी आम्हीच त्यांना कम्युनियन नेऊन देतो. त्यांच्या खाटेशी बसलो होतो तेव्हा सांगता आले असते. सुचले नाही.

संत थॉमस म्हणतात, कायदा जाहीर झाल्यावाचून बांधत नाही. पण ते पुढे असेही म्हणतात की, जो समोर हजर नव्हता तोही बांधला जातो, जर ते त्याला दुसऱ्यांकडून कळले असेल किंवा कळू शकत असेल. 'कळू शकत असेल' हे शब्द काकांच्या विरुद्ध जातात. पुस्तिका त्यांच्या घरात होती. सत्ताविसावे पान उघडता आले असते. आम्ही हे त्यांना सांगितले, कारण त्यांनी मागितलेले उत्तर अर्धेच देण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "होय. मी ते पुस्तक उघडलंच नाही. सायकलचं चित्र पाहिलं आणि जाहिरात समजून ठेवून दिलं."

"मग हेच लिहा," आम्ही म्हणालो.

त्यांनी वर पाहिले.

अर्जातल्या त्या कारणात 'कागद मिळाला नाही' एवढेच नाही. स्पष्ट समजावून सांगणारा कागद मिळाला नाही, असेही त्यात बसते. म्हणजे विचारणाऱ्यालाही ठाऊक आहे की मिळणे आणि कळणे एक नाही. काकांनी 'मिळाला नाही' असे लिहिले असते, तर सत्ताविसाव्या पानाने त्यांच्याशी जे केले तेच त्यांनी अर्ज वाचणाऱ्याशी केले असते. ज्याला दिसत नाही त्याच्यापासून ठेवून आपला फायदा. चौदा डॉलरसाठी की चौदाशेसाठी, हा प्रश्न वेगळा. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, तुमच्याजवळ खरे सांगण्यासारखे भक्कम कारण असताना खोट्याचा आधार कशाला घेता?

मुलगी फोनवर रागावली. तिचे म्हणणे आम्ही स्पीकरवर ऐकले आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. ती म्हणाली, "फादर, कंपनीला हे सगळं कोणी विचारलं का? आमच्या पप्पांनीच प्रामाणिक राहायचं का?" आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. कंपनीला कोणी विचारले नाही, हे खरेच होते. मग काकाच म्हणाले, "अगं, मी कंपनीलाही पत्र लिहिणार आहे. पुढच्या वर्षी पहिल्या पानावर छापा म्हणून. माझ्यासारखे अजून असतील."

अर्ज आम्ही दोघांनी मिळून आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर भरला. कारणाच्या जागी काकांनी चार ओळी लिहिल्या. पुस्तिका मिळाली होती. मी ती उघडली नाही. मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानावर याविषयी काहीही नव्हते. सोबत मुखपृष्ठाचा, पहिल्या पानाचा आणि सत्ताविसाव्या पानाचा फोटो जोडत आहे. इंग्रजी आम्ही थोडे नीट केले, पण वाक्ये त्यांचीच आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, साठ दिवस संपायच्या आत, तो मुलीच्या हस्ते रवाना झाला, आणि कंपनीचे पत्रही. कंपनीच्या पत्रातील विनंतीची ओळ काकांनी मुद्दाम मोठ्या अक्षरांत टाइप करायला लावली.

हे लिहीपर्यंत दोन्हीकडून उत्तर आलेले नाही. दर महिन्याचे चौदा डॉलर जात आहेत. कबरींच्या नूतनीकरणाची या वर्षीची मुदत ३१ ऑक्टोबर आहे. अंथरुणावर असलेल्यांच्या घरी आम्ही या महिन्यापासून स्वतः येऊन सांगत आहोत. कोणाचे घर राहून गेले तर कृपया ऑफिसात कळवावे.

आपले,
धर्मगुरू